हाड जुळतं, रक्ताचं काय?

आमच्या वऱ्हाडात कुणाचं हाड मोडलं, की भेटायला येणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणाकडे बसवलं?’ बोटं हलतात का, मुंग्या येतात का, रात्री झोप लागली का, हे सहसा कुणी विचारत नाही. हाड जागेवर बसवलं, घट्ट बांधलं आणि दीड-दोन महिने हलवलं नाही की काम झालं, अशी आपली ठाम समजूत असते. ती अर्धी खरीही आहे. कातडी फाटली की वण राहतो. हृदयाचा स्नायू मेला तर तिथे नुसता चट्टा उरतो. हाड मात्र मोडल्या जागी पुन्हा हाडच तयार करतं. आधी रक्ताची गुठळी, मग मऊ कूर्चा, मग कच्चं हाड आणि शेवटी पक्कं. लहान मुलाचा हात तीन-चार आठवड्यांत जुळतो, मोठ्या माणसाच्या मांडीला तीन-चार महिने लागतात. पण जुळण्याची विद्या हाडाला उपजत येते.

तेव्हा मित्रहो, आज मला हाडाविषयी फारसं बोलायचंच नाही. बोलायचं आहे ते हाडाच्या शेजाऱ्यांविषयी. रक्तवाहिन्या, स्नायू, नसा आणि थोडं लांब राहणारी फुप्फुसं. मोडलेल्या हाडानंतर माणूस अधू होतो किंवा दगावतो, तो बहुतेक वेळा या शेजाऱ्यांवर ओढवलेल्या संकटामुळे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या विषयाची दोन-तीन उदाहरणं मी फार जवळून पाहिली, आणि मग डॉक्टर मित्रांना विचारत, पुस्तकं चाळत त्यांचा अर्थ लावत गेलो.

आमच्या गल्लीत एक मुलगा होता. सात वर्षांचा असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत चिंचेच्या झाडावरून पडला आणि कोपराच्या जरा वर त्याचं हाड मोडलं. या वयाच्या मुलांत कोपराजवळचं हेच हाड सगळ्यांत जास्त मोडतं. गल्लीच्या टोकाला हाड बसवणारे एक चाचा राहत. आखाड्यात उमेदवारी केलेला, पैशाला हात न लावणारा भला माणूस. त्यांनी हात ओढून बसवला, अंड्यातलं पांढरं आणि हळद लावली, बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि पट्टी करकचून आवळली. त्या रात्री पोरगा गुरासारखा ओरडत होता. त्याची आजी म्हणाली, ‘हाड बसून राह्यलं बापू, दुखनच थे.’ पहाटे पोरगा ओरडायचा थांबला. घरच्यांना वाटलं, आराम पडला.

आराम पडला नव्हता. दुखणं सांगणाऱ्या नसाच बधिर झाल्या होत्या. पट्टी सोडली तेव्हा बोटं थंड आणि निळसर होती. आज तो मुलगा चाळिशी ओलांडून गेला आहे. पानाची टपरी चालवतो. उजवं मनगट वाकलेलं, बोटं पक्ष्याच्या पंजासारखी आत वळलेली. पान त्या मनगटाखाली दाबून धरतो आणि डाव्या हाताने चुना लावतो. हाड? हाड उत्तम जुळलं आहे. एक्स-रे काढला तर कुठे मोडलं होतं ते शोधावं लागेल.

हे कसं होतं, ते कापसाच्या मुलखातल्या माणसाला सांगणं सोपं आहे. अकोल्या-अमरावतीकडच्या प्रेसिंग फॅक्टरीत रुईची गाठ बांधताना ज्याने पाहिली आहे, त्याने डोळ्यांसमोर आणावं. खोलीभर पसरणारी रुई दाबून एवढ्याशा जागेत बसवतात आणि पट्ट्या आवळतात. आपल्या हाता-पायातले स्नायूही असेच चिवट आवरणांत बांधलेले असतात. फरक एवढाच, की हे आवरण ताणलं जात नाही आणि आतला ऐवज जिवंत असतो. हाड मोडलं की आत रक्त साचतं, सूज चढते. बाहेर जायला जागा नाही, म्हणून आतला दाब वाढतो. आधी रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा दबतात. रक्त येतं पण जात नाही, सूज आणखी वाढते. मग स्नायूला प्राणवायू पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या मिटतात. वरून घट्ट पट्टी असेल तर विचारायलाच नको. याला डॉक्टर कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. रक्ताविना स्नायू साधारण सहा तास तग धरतो. त्यानंतर तो मरू लागतो, आणि मेलेला स्नायू आक्रसून दोरीसारखा होतो. तीच दोरी पुढे बोटांना आत ओढून धरते.

यातली फसगत अशी, की मनगटाची नाडी बराच वेळ लागत राहते. मोठ्या धमनीतला दाब जास्त असतो, ती सहजी मिटत नाही. म्हणून ‘नाडी लागते, काळजी नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नये. खरी खूण आहे दुखणं. हाड मोडल्याचं दुखणं बांधल्यावर, औषध घेतल्यावर कमी व्हायला हवं. ते तासातासाने वाढत असेल, गोळीला दाद देत नसेल, बोटं किंवा पायाची बोटं दुसऱ्याने हलकेच सरळ केली तरी जीव जाईल असं दुखत असेल, मुंग्या येत असतील, तर पट्टी किंवा प्लास्टर तिथल्या तिथे उभं चिरून मोकळं करून घ्यायचं. आतल्या कापसासकट, कातडी दिसेपर्यंत. हात छातीच्या पातळीवर ठेवायचा, फार उंच टांगायचा नाही, खाली लोंबू द्यायचा नाही, आणि रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. गरज पडली तर शल्यविशारद स्नायूवरचं आवरणच चिरून देतात. जखम मोठी दिसते, पण हात वाचतो. लहान मुलाला ‘मुंग्या’ सांगता येत नाहीत. ते फक्त रडतं, आणि त्या रडण्याला आपण लाड समजतो.

या दुखण्यामुळे होणाऱ्या वाकड्या हाताला वैद्यकात ज्याचं नाव आहे, तो माणूस मला फार आवडतो. रिचर्ड फॉन फोल्कमन. जर्मनीतल्या हाले शहरातला शल्यविशारद. आवळून बांधलेल्या पट्ट्यांमुळे रक्त तुटून स्नायू आक्रसतात, हे त्याने १८८१ साली मांडलं. हाच माणूस रिचर्ड लेआंडर या नावाने कविता आणि परीकथा लिहायचा. फ्रान्सबरोबरच्या युद्धात पॅरिसच्या वेढ्यात सैन्याबरोबर असताना त्याने मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींचं पुस्तक १८७१ मध्ये निघालं आणि जर्मनीत ते घरोघर पोचलं. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्यालाच मुलांच्या हाताची ही गोष्ट दिसावी, याचं मला कवी म्हणून बरं वाटतं. असो.

पण फोल्कमनच्या कितीतरी आधी हे आपल्याकडे माहीत होतं. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही, आणि घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू होतो, म्हणून मध्यम बांधावी, असं तिथे स्वच्छ सांगितलं आहे. कामट्यांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, बांबू अशी आपल्या मेळघाटात आजही सापडतील ती झाडं सांगितली आहेत. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. थंडीच्या दिवसांत पट्टी सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी, बेताच्या हवेत पाच दिवसांनी, आणि उष्ण दिवसांत तिसऱ्या दिवशी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या अकोल्यासाठीच हे लिहिलं की काय, असं वाटावं. अरबी वैद्यकात इब्न सिनाचं मतही असंच सावधपणाचं होतं. सूज ओसरेपर्यंत काही दिवस थांबून मगच कामट्या आवळाव्यात, असं तो सांगतो. आमच्या चाचांच्या हातात यातली अर्धी विद्या आली होती. अंड्याचं पांढरं आलं, कामट्या आल्या, आणि ‘बेताने बांध’ एवढं वाटेत कुठेतरी गळलं.

मी हाड बसवणाऱ्यांची टिंगल करणारा नाही. अमरावती हे तालमीचं गाव. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे १९१४ पासून उभं आहे. उतरलेला खांदा जागेवर बसवणारे वस्ताद इथल्या आखाड्यांनी पाहिले आहेत. गरीब माणूस त्यांच्याकडे जातो, कारण तिथे रांग नसते, चिठ्ठी नसते, आणि पाठीवर हात ठेवून बोलणारं कुणी असतं. विलायतेतही हाडांच्या आधुनिक शास्त्राचा एक मोठा आधारस्तंभ अशाच घराण्यातून आला. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा पिढीजात हाड बसवणाऱ्यांच्या कुळातला, पण रीतसर डॉक्टर झालेला. त्याने मोडलेली मांडी ताणून स्थिर ठेवणारी लोखंडी कड्याची चौकट तयार केली. पहिल्या महायुद्धात सुरुवातीला मांडी मोडलेल्या सैनिकांपैकी शेकडा ऐंशी मरत. जखमी जिथे पडला तिथेच ही चौकट बांधायची पद्धत पडल्यावर ते प्रमाण विसाच्या आसपास आलं, असं वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. आणि घट्ट बांधण्याचा मक्ता काही हाडवैद्यांकडेच नाही. रुग्णालयात घातलेलं प्लास्टरही सूज चढल्यावर तितकंच आवळतं. म्हणून पहिले दोन दिवस बोटांवर डोळा ठेवायचा, मग पट्टी कुणीही बांधलेली असो.

मांडीचा विषय निघालाच आहे. हाता-पायातलं सगळ्यांत मोठं हाड मांडीचं. ते मोडलं तर बाहेर थेंबभर रक्त न सांडता आतल्या आत एक-दीड लिटर रक्त साचू शकतं. माणसाच्या अंगात सगळं मिळून पाचएक लिटर असतं. मग दुसरा धोका येतो, तो आणखी गुपचूप. आमच्या घरी नल्लीचं सालन असलं की पोरं हाड ताटावर आपटून आतला मऊ, तुपकट ऐवज बाहेर काढतात. माणसाच्या मोठ्या हाडातही तसाच चरबीचा मगज असतो. हाड फुटलं की त्यातले बारीक थेंब रक्तात शिरतात आणि फुप्फुसात, मेंदूत जाऊन अडकतात. मोडल्यानंतर एक ते तीन दिवसांत माणसाला धाप लागते, तो असंबद्ध बोलतो, छातीवर, काखेत, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर लाल ठिपके उठतात. तरणाताठा मुलगा, काल हसून बोलत होता, आज ओळखत नाही. घरचे म्हणतात, घाबरला असेल. तो घाबरलेला नसतो, त्याला प्राणवायू पुरत नसतो.

सवाई माधवराव पेशवे २५ ऑक्टोबर १७९५ रोजी शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली कारंज्यावर पडले. मांडी मोडली आणि २७ तारखेला ते गेले. वय अवघं एकवीस. अंगात ताप होता, कारंज्याच्या नळीने झालेली जखमही होती, त्यामुळे सगळा दोष मांडीला देता येणार नाही. शिवाय आत्महत्या की अपघात, यावर मराठी माणसाने इतकं लिहिलं, की त्या दोन दिवसांत त्या देहात काय चाललं असेल याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मांडी मोडलेला तरुण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातचा जातो, ही चाल आजचा डॉक्टर ओळखतो. त्यासाठीच तो हाड लवकर स्थिर करायची घाई करतो आणि बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावून ठेवतो.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून जागतिक विक्रम झाला. आपल्याला त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. अशा रस्त्यावर मोटारसायकल सहज ऐंशी-नव्वदने पळते, आणि पडणाऱ्याची मांडी मोडते. अशा वेळी चार जणांनी हात-पाय धरून, पाय लोंबकळत ठेवून त्याला ऑटोत कोंबणं म्हणजे फुटलेली नळी आणखी हलवणं. मोडलेला पाय दुसऱ्या पायाला किंवा फळीला सरळ बांधावा आणि आडवंच न्यावं.

हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर गोष्ट पुन्हा वेगळी होते. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात अकरा वर्षांचा एक मुलगा आला. पायावरून गाडीचं चाक गेलेलं. आपल्याकडे बंडीच्या चाकाखाली येतात तसंच. त्या काळी अशा पायाला एकच उपाय होता, कापून टाकणे. नाहीतर जखम सडून माणूस जायचा. जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी त्या जखमेवर ठेवली, आणि सहा आठवड्यांत तो मुलगा दोन पायांवर उभा राहिला. जर्मनीत लिस्टरची ही पद्धत उचलून धरणाऱ्या पहिल्या काही जणांत आपला परीकथावाला फोल्कमनही होता. आपण मात्र अजून अशा जखमेत हळद, तंबाखू, चुना आणि कधीकधी राख भरतो. हाडात एकदा जंतू शिरले की ते वर्षानुवर्षं जात नाहीत. वरून भरलेली जखम दर पावसाळ्यात फुटते, पू येतो, हाडाचे तुकडे पडतात. असे पाय घेऊन शेतात राबणारी माणसं मी पाहिली आहेत. अशा जखमेवर फक्त स्वच्छ कापड ठेवायचं, बाहेर आलेलं हाड आत ढकलायचं नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन व जंतुनाशक औषध होईल तितक्या लवकर, तासाभरात मिळालं तर उत्तम, सुरू करायचं.

आता म्हाताऱ्या माणसांकडे येतो, कारण घरोघरचा प्रश्न तोच आहे. माझी अम्मी चौऱ्याहत्तर वर्षांची असताना फजरच्या वजूला उठली आणि मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांनी अंगण भरलं. ‘इस उमर में क्या चीरफाड? वजन लटका दो, पड़ी रहने दो,’ असं एक वडीलधारे म्हणाले, आणि बऱ्याच माना डोलल्या. ज्या डॉक्टरांनी तपासलं ते शांतपणे म्हणाले, ‘यांना झोपवून ठेवलंत तर हाडाने काही होणार नाही, खाटेने होईल.’

त्या वाक्याचा अर्थ त्यांनी कागदावर चित्र काढून समजावला. चालताना पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो. माणूस आडवा पडला की पोटरीतलं रक्त साकळतं, गुठळी होते. ती एखाद्या दिवशी सुटून फुप्फुसात जाते आणि बोलता बोलता माणूस संपतो. गाव म्हणतं, हार्ट ॲटॅक आला. आडव्या माणसाला खोकून कफ काढता येत नाही, म्हणून न्यूमोनिया. माकडहाडाखालची कातडी दबून शय्याव्रण. लघवी तुंबून जंतुसंसर्ग. जगभरचा अनुभव असा, की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतला एक तरी वर्षभरात जातो, आणि त्यांतले पुष्कळसे या पडून राहण्याने जातात. म्हणून शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत करावी, असं आता मानतात. वय पाहून थांबायचं नसतं, उलट वय पाहूनच घाई करायची असते.

अम्मीची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाल्या मुलीने तिला बसवलं, तेव्हा अम्मीने तिला तीन पिढ्यांचे शाप दिले. चौथ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली. घरी आल्यावर तिचा एकच हट्ट होता, सजद्यासाठी जमिनीवर बसायचं. डॉक्टरांची ना होती. शेवटी मोहल्ल्यातल्या मौलानांनी सांगितलं की खुर्चीवर बसून केलेली नमाज पूर्ण कबूल आहे, तेव्हा कुठे ती मानली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली आणि त्यातली साडेपाच वर्षं मला बाजारातून काय आणायचं ते दारात उभी राहून सांगत होती.

काही हाडं मुळातच रक्ताची गरीब असतात. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी नावेच्या आकाराचं एक बारकं हाड आहे. पडताना हात टेकला की ते मोडतं, पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही, आणि ‘मुरगळलं’ म्हणून सोडून दिलं तर रक्ताअभावी त्याचा तुकडा मरतो. दुखणं आठ-दहा दिवसांत गेलं नाही तर पुन्हा एक्स-रे काढावा. खुब्याच्या गोळ्याचंही तेच. इथे सिकलसेलचा विषय येतो. विदर्भात हा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे, मेळघाटातही आहे. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, त्यामुळे हाड मरण्याचा आणि हाडात जंतू शिरण्याचा धोका अधिक. ज्यांच्याकडे सिकलसेलचं कार्ड आहे त्यांनी हाड मोडल्यावर ते पहिल्यांदा दाखवावं.

आणि खर्रा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही, हे पक्कं ठरलेलं आहे. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. खर्ऱ्यातही तेच निकोटीन आहे. पायात सळई घातलेला माणूस खाटेवर बसून खर्रा घोटतो आणि ‘डॉक्टरनं सळई बराबर नाई टाकली’ म्हणतो, तेव्हा काय बोलावं ते मला सुचत नाही.

राहता राहिला वेळेचा आणि पैशाचा हिशेब. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. गरिबांच्या शस्त्रक्रियांसाठीची सरकारी योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. हाडांच्या कोणत्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं. धारणीकडून घाट उतरून अमरावतीला यायचं तर चार तास सहज जातात, म्हणजे त्या सहा तासांतले दोनच उरतात. म्हणून निघतानाच एका कागदावर दोन वेळा लिहून घ्याव्यात, हाड केव्हा मोडलं आणि पट्टी केव्हा बांधली. तो कागद रुग्णाच्या खिशात ठेवावा, आणि वाटेत दर अर्ध्या तासाने त्याला बोटं हलवायला सांगावं.